राजशेखरचं मी वाचते

रविवार, १९ जानेवारी

चाळिशी उलटल्यावर डायरी लिहायला बसलेय, कोणी बघितलं तर हसेल. पण आजवर मला वहीची गरजच पडली नव्हती. काहीही झालं की वैशालीला सांगायचं, विषय संपला. आज पहिल्यांदा असं काहीतरी झालंय जे वैशालीलाच सांगता येत नाही. मग सांगू कुणाला? आईला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चौदाव्या मजल्याला कळेल.

आठवीत असल्यापासून आमचा रविवार ठरलेला आहे. दुपारी जेवण झालं, आई आडवी झाली, की वैशू डिलाईल रोडवरून लालबागला येते. खिडकीशी बसून आम्ही कादंबरी मोठ्याने वाचतो. एक पान ती, एक पान मी. संवाद मात्र वाटलेले. नायिकेचं ती वाचते, नायकाचं मी. माझा आवाज पहिल्यापासून घोगरा. शाळेच्या गॅदरिंगला बाई मलाच मिशी लावायच्या. वैशूचं लग्न झालं तेव्हा आमच्या वाचनात खंड पडला. मग तो नवरा सोडून ती माहेरी आली आणि त्याच रविवारी पिशवीत पुस्तक घेऊन माझ्या दारात उभी. रडली नाही, काही नाही. म्हणाली, 'वाच.' मी वाचलं.

तर आज. नवीन पुस्तक, कालच दादरहून आणलेलं. सरदार घराण्यातला गर्विष्ठ राजशेखर आणि मास्तरांची फटकळ मुलगी ऊर्मिला. मागे छापलंय की दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती प्रेमकथेवरून बेतलेली आहे. अगो, सगळ्याच बेतलेल्या असतात! आम्हाला तेच तर हवं असतं. राजशेखर पहिल्यांदा मागणी घालतो ते पान आलं. मी अगदी जीव तोडून वाचत होते, 'ऊर्मिला, मी स्वतःशी फार झगडलो,' आणि हिचा फोन वाजला. नायिकेने राजशेखरला नकार द्यायचा सोडून ही बाई उठली आणि कॉमन पॅसेजमध्ये गेली. बराच वेळ आलीच नाही. परत आली तेव्हा चेहरा लाल.

'कोण होतं?'

'लिफ्टवाला.'

'तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट कुठाय?'

'आमच्या हॉस्पिटलातला गं. मेन्टेनन्सला येतो. संघर्ष नाव आहे.'

मग म्हणे, कुठपर्यंत आलो होतो आपण? मी पान दाखवलं नाही. तुझं तू शोध म्हटलं.

बुधवार, २२ जानेवारी

डोक्यात जातोय तो माणूस, अजून बघितलाही नाही तरी. दिवसभर मशीनवर बसून तोच विचार. एका बाईची पैठणी होती, तिला उलटा फॉल लावून ठेवला. सगळी शिलाई उसवली. बाईंच्या देखत.

वैशू लॅबमध्ये रक्त काढते आणि हा लिफ्ट दुरुस्त करतो. त्रेचाळीस वर्षांचा, अजून लग्न नाही. बहिणींची करता करता राहिलं म्हणे. घर अंबरनाथला. रोज फोन करून काय विचारतो तर 'जेवलीस का?' बस. राजशेखर भर पावसात घोड्यावरून येतो, आणि हा विचारतो जेवलीस का! मी म्हटलं, 'असं तर माझी आईपण विचारते.' तर वैशू हसली आणि म्हणाली, 'हो ना? किती बरं वाटतं गं.'

मी काय आजवर तिला जेवलीस का विचारलं नव्हतं?

रविवार, २ फेब्रुवारी

आज ती त्याला घेऊन आली. रविवारी! आमच्या रविवारी! आधी सांगितलंसुद्धा नाही, सरळ दारात दोघं. त्याच्या हातात कलिंगड. आईला वाकून नमस्कार केला, मला म्हणाला, 'जयभीम, दर्शनाताई.' ताई म्हणे! माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे मेला.

आई झोपायची सोडून वडे तळत बसली. 'बरो झील आसा गो,' मला आत बोलावून पोराचं कौतुक सांगते. 'त्येका आणखी दोन वडे घाल.' घातले.

मग वैशूला काय सुचलं कोण जाणे. 'संघर्ष, तुम्ही राजशेखरचं वाचा,' म्हणाली. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्याच्या हातात दिलं. मी उठून पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

वाचलं त्याने. मागणीचंच पान. देवा! 'ऊर्मिला, मी स्वतःशी फार झगडलो,' हे त्याने असं वाचलं, जणू 'लिफ्ट बंद आहे, जिन्याचा वापर करा' ही पाटीच वाचतोय. वैशू पोट धरून हसत होती. इतकी हसलेली मी तिला कधी बघितलेली नाही. माझ्या वाचण्यावर ती कधी हसली नव्हती, आणि ते चांगलंच असं मला वाटायचं.

नकाराचं पान झाल्यावर तो थांबला. म्हणाला, 'ही तर नाही म्हणाली.'

'हो. मग पुढे गैरसमज होतात, मग तो परत येतो, मग ती हो म्हणते,' मी सांगितलं.

'पण परत कशाला जातो? बाईने नाही म्हटलं की विषय संपला ना.'

'तेच तर प्रेम असतं,' मी म्हटलं. 'खरं प्रेम असेल तर माणूस परत येतो.'

'मला नाही जमणार बाबा,' तो म्हणाला आणि वडा उचलला.

गेले तेव्हा वैशूने मागे वळून नेहमीचं 'येते गं' म्हटलं नाही. लिफ्टपाशी त्याला काहीतरी विचारत होती, आमची लिफ्ट कुठल्या कंपनीची वगैरे. आयुष्यात कधी लिफ्टकडे बघितलं नव्हतं तिने.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी हिंदमाताला तो माझ्याकडे आला. माझी मशीन साड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली आहे, तिथे दोन माणसं धड उभी राहत नाहीत. त्याने बहिणीची साडी पिकोला आणली होती. साडी देऊन झाली तरी हलेना.

'ताई, एक विचारायचं होतं. वैशालीला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही.'

'बोला.'

'मी लग्नाचं विचारणार आहे तिला. तिला आवडेल ना? आधी एकदा पोळलीय ती. मला तिला पेचात नाही टाकायचं.'

हे माझं तोंड. मी म्हणाले, 'खरं सांगू का? तिला परत लग्नच नकोय. तुम्ही चांगले आहात म्हणून ती बोलत नाही. घुसमटते बिचारी.'

त्याने साडीची घडी उगाच सारखी केली. मग म्हणाला, 'बरं झालं तुम्ही सांगितलंत.' आणि गेला.

मी वाईट काही केलेलं नाही. परीक्षा घेतली. प्रत्येक पुस्तकात हे प्रकरण असतंच, कोणीतरी काहीतरी सांगतं, नायक दुखावतो, तळमळतो आणि मग राहवत नाही म्हणून येतो. माझ्या एका वाक्याने जो मागे हटेल त्याच्या गळ्यात वैशूला कशी बांधू? जिवाभावाची मैत्रीण असं बघतेच. येऊ दे तिच्या चाळीखाली. उभा राहू दे. मग मी स्वतः दोघांचे हात हातात देईन.

बघूच आता.

रविवार, १६ फेब्रुवारी

काय छान गेला आजचा दिवस! फक्त आम्ही दोघी. तिचा फोन एकदाही वाजला नाही. खूप पुढे वाचलं. राजशेखरचा वाडा आला, तळं आलं, म्हातारी आत्याबाई आली. मी असं वाचलं, असं वाचलं, की आईने आतून विचारलं, 'तुका आज काय झाला गो?'

वैशू जरा गप्प होती. डोकं दुखत असेल. जाताना मी तिच्या वेणीत अबोलीचा गजरा माळला, तिने माळू दिला.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज वैशूने चहात साखर घातलीच नाही. आम्ही दोघी तसाच प्यायलो.

मग सांगितलं तिने. त्याने मेसेज केलाय, 'तुझ्यावर माझं काही दडपण नको. तू सुखात राहा.' हॉस्पिटलच्या कामावर आता त्याच्या जागी दुसरा माणूस येतो. 'माझं काय चुकलं गं, दर्शू? मी त्या दिवशी त्याच्या वाचण्याला हसले म्हणून?'

 मी मनात म्हटलं, अजून वेळ आहे, येईल.

'फोन करू का मी?' ती म्हणाली.

'मुळीच नाही! ऊर्मिला करते का फोन? त्याला यायचं असेल तर तो येईल.'

ऐकलं तिने माझं. ती नेहमीच माझं ऐकते.

रविवार, ९ मार्च

अजून आला नाही. इतके दिवस कुठल्याच पुस्तकात लागत नाहीत. माणूस आहे की दगड?

आज वैशू आली, पण बसली नाही. मी पुस्तक उघडलं. शेवटचीच दोन प्रकरणं राहिलीत. तिने हात ठेवून ते मिटलं. 'बंद कर गं. ह्यातले पुरुष परत येतात म्हणून आपण वाचतो. इथे कोणी येत नाही.'

'अगं पण शेवट—'

'शेवट मला माहितेय. तूच वाच एकटी.'

एकटी कसं वाचू? ऊर्मिलाचं कोण वाचणार? मी तिला तेच विचारलं, तर माझ्याकडे असं बघून गेली, जणू मी तिच्या ओळखीचीच नाही.

रविवार, १६ मार्च

नाही आली. लॅबला जाते, घरी येते, जेवत नाही, असं तिची वहिनी फोनवर म्हणाली. पहिलं लग्न मोडलं तेव्हाही अशी नव्हती म्हणे.

आईने दुपारी पानावर बसल्या बसल्या विचारलं, 'त्या झिलान तिका कित्याक सोडल्यान?' मी तिच्या पानात भात वाढला. तो परत आला असता तर मी चुकले नसते. तो आला नाही. आणि मला आता कळलंय की तो येणारच नाहीये. 'बाईने नाही म्हटलं की विषय संपला,' माझ्या घरात, माझ्या आईचा वडा खाता खाता सांगितलं होतं त्याने. तिच्या वतीने 'नाही' मी म्हटलं.

म्हणजे त्याला वाटतंय की तो तिचं ऐकतोय.

बुधवार, १९ मार्च

मशीन बंद ठेवली आणि कॉटन ग्रीनला गेले. तिथल्या एका गोदामाच्या मालवाहू लिफ्टवर तो काम करतोय, हे साडी न्यायला आलेल्या त्याच्या बहिणीकडून काढलं. खाली शाफ्टमध्ये उतरला होता. ग्रीसने माखलेला वर आला. बारीक झालाय. वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला, हे दोन्ही एकदम कसं वाटतं कोण जाणे.

एका दमात सांगून टाकलं. 'मी खोटं बोलले. तिला तुम्ही हवे आहात. ती जेवत नाहीये.'

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, 'का केलंत तुम्ही असं?'

'मला वाटलं तुम्ही परत याल. कादंबरीत येतात.'

'तिला नकोय म्हटल्यावर तिच्या दारात कशाला उभा राहीन मी, ताई? तिला त्रास द्यायला?'

आजवर शेकडो नायकांची वाक्यं वाचली असतील मी, हे एकाच्याही तोंडी नव्हतं. आणि खरं सांगते, ते वाक्य चांगलं आहे हे मला अजिबात आवडलं नाही.

चिंधीने हात पुसता पुसता त्याने माझ्याकडे बघितलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, 'त्या दिवशी मी वाचायला लागलो तेव्हा तुम्ही उठून गेलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.'

'काय कळायला हवं होतं?' मी विचारलं.

'काही नाही.' आणि साहेबाला सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो वैशूकडे निघाला. स्टेशनपर्यंत माझ्या चालीने चालला. काय कळायला हवं होतं, ते मात्र सांगितलं नाहीच. मी पाणी प्यायला उठले होते.

गुरुवार, २० मार्च

वैशू आली सकाळीच, कामावर जायच्या आधी. आई देवपूजेला बसली होती. दारातच उभी राहिली, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

'तू, दर्शू? तू?'

मी मान खाली घातली.

'माझ्या सासूने केलं असतं तर समजले असते. शेजारणीने केलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या. तुझं मी ऐकलं गं. फोन करू नको म्हणालीस, नाही केला.' तिने दाराची चौकट धरली. 'का? एवढंच सांग.'

खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर 'अंबरनाथवरून दर रविवारी कोण येणार आहे?'

ती मागे वळली. लिफ्टची वाट न बघता चौदा मजले जिन्याने उतरली, मी वरून तिच्या चपला ऐकत होते.

रविवार, ३० मार्च

पाडवा. आईने सवयीने श्रीखंडाची तिसरी वाटी भरली. आम्ही दोघींनीही त्या वाटीला हात लावला नाही.

त्यांचं ठरलं. वहिनीने सांगितलं. सत्तावीस एप्रिलला मंगल परिणय. कोणाचंतरी रद्द झालं म्हणून हॉल मिळाला. मला आमंत्रण नाही.

जळतेय मी. लिहायला लाज कसली? जळते. तो आता तिला रोज विचारेल, जेवलीस का, आणि ती सांगेल जेवले. ते दोघं बाजारात जातील, ती मेथीची जुडी उलटीपालटी करून बघेल, तेव्हा तिच्या कपाळाला बारीक आठी पडते. ती आठी आता तो बघणार. आपल्याला नवरा मिळाला नाही म्हणून बायका जळतात असं ऐकलंय. मला तर तो फुकट दिला तरी नको. मग हे काय आहे, मला समजत नाही. काहीतरी असेल. बायकांना ह्या वयात होतं म्हणतात.

मंगळवार, ८ एप्रिल

भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, माझ्या मशीनवर एक पिशवी आदळली. वर बघितलं तर वैशू.

आत पांढरी शुभ्र साडी. बारीक जरीचा काठ. लग्नाची.

'फॉल, पिको आणि पदराला गोंडे,' ती कोरड्या आवाजात म्हणाली, अनोळखी बाई सांगेल तसं.

'दुसरीकडे टाकायची होतीस. शेजारचा टेलर शिवतो चांगलं.'

'दुसऱ्या कोणाच्या हातचं मी आजवर नेसलेय?' आणि मग इतक्या दिवसांचं सगळं तिच्या डोळ्यांत आलं. 'नालायक आहेस तू. एक नंबरची नालायक. वीस तारखेला न्यायला येईन. रविवार आहे.'

'मशीन बंद असते रविवारी.'

'घरी येईन. पुस्तक राहिलंय ना आपलं?'

समोरची बाई तिच्या ब्लाउजपिसाचं विचारत होती. मी तिला उद्या या म्हटलं.

रविवार, २० एप्रिल

साडी तयार होती. फॉल मी हातानेच घातला, मशीनवर नाही. टाका वरून दिसत नाही. आईने बघून म्हटलं, 'माझ्या लग्नात इतक्या कोणी करूक नाय.'

वैशू जेवायलाच आली. वांग्याचं भरीत, सोलकढी. आई तिच्या गालावरून हात फिरवून, बोटं मोडून झोपायला गेली. आम्ही खिडकीशी बसलो. राहिलेली दोन प्रकरणं. राजशेखर तळ्याकाठी दुसऱ्यांदा मागणी घालतो. नवंकोरं पुस्तक, ह्या पानांपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

वर्णनाचं पान तिने वाचलं. झाडं, तळं, संध्याकाळ. छान वाचते ती. अंबरनाथला कोण ऐकणार हे, असं एकदा मनात आलं, पण आज भांडायचं नाही असं ठरवलं होतं.

मग माझी ओळ आली. 'ऊर्मिला, तुम्ही मला एकदा नाही म्हणालात,' मी वाचलं, आणि चष्म्यावर वाफ आली. अक्षरंच दिसेनात. पण ह्या पुस्तकांचं काय, नायक पुढे काय बोलणार हे मला झोपेतही सांगता येईल. म्हणून थांबले नाही. म्हटलं, 'तुमच्याशिवाय मला रविवार येत नाही. सोमवार येतो, मंगळवार येतो, शनिवार येतो. मग परत सोमवारच येतो. मला वाडा नको, जमीन नको. तुम्ही दुपारी यावं, माझ्याजवळ बसावं, मला एवढंच हवं होतं. मला तेव्हा बोलता आलं नाही. मला वाटलं मी नुसती वाचतेय.'

आता तिची ओळ होती. ती वाचेना.

मी चष्मा पुसून बघितलं. पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

'दर्शू,' ती हळूच म्हणाली, 'हे इथे नाहीये.'

'असेल. पुढच्या पानावर असेल.'

तिने पान उलटलं. पुढचं बघितलं. मग त्याच्याही पुढचं. अगदी नीट, बोट ठेवून, शेवटच्या पानापर्यंत. मग पुस्तक मिटलं, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून बसली. तिचे हात गार होते. खाली कुणाच्यातरी मंडपाचे बांबू उतरवायचे आवाज येत होते.

पाच वाजता ती उठली. साडी छातीशी धरली. 'सत्तावीसला सकाळी लवकर ये. निऱ्या तूच घालायच्या,' म्हणाली. दारात थांबली. वळून बघितलं. 'येते गं,' म्हणाली.

आई उठली तेव्हा मी तिथेच बसले होते. 'गेला वैशू? संपला काय गो पुस्तक तुमचा?'

'एक ओळ राहिली,' मी म्हटलं. 'तिची होती.'